शहराच्या पाण्याचा आयुष्यभराचा खर्च : शेतकऱ्यांनी मांडावयाचा हिशेब

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुधारित जाती, खतांच्या मात्रा, कीड-रोग यांविषयीची व्याख्याने आपण नेहमीच ऐकता. आजचा विषय थोडा वेगळा आहे. शहराला पाणी पुरविणारी योजना किती टिकाऊ आहे आणि ती चालू राहीपर्यंत तिच्यावर एकूण किती खर्च होतो, हे कसे तपासावे, याची माहिती आज आपण घेणार आहोत. शहराच्या नळाचा आणि आपल्या शेताचा संबंध काय, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. परंतु कालव्याच्या टेलला ज्यांची जमीन आहे त्यांना हा संबंध समजावून सांगण्याची गरज नाही. उन्हाळी आवर्तन एकाने कमी झाले की ते पाणी कोठे गेले हे त्यांना ठाऊक असते. नदीकाठच्या शेतकऱ्यालाही ते ठाऊक असते, कारण शहराने वापरून सोडलेले पाणी त्याच्याच विहिरीत उतरते.

या व्याख्यानाचे सार सुरुवातीलाच सांगतो. शहराच्या पाणीयोजनेचा जो खर्च अंदाजपत्रकात धरला जात नाही, तो नाहीसा होत नाही. तो दुसऱ्याच्या अंगावर पडतो. हा दुसरा बहुतेक वेळा धरणाच्या लाभक्षेत्रातील किंवा शहराच्या खालच्या अंगाचा शेतकरी असतो. म्हणून हा हिशेब आपल्याला वाचता आला पाहिजे व मांडताही आला पाहिजे.

योजनेची किंमत आणि योजनेचा खर्च

एखादा शेतकरी नदीवरून दोन किलोमीटर पाइपलाइन आणतो. पाइप, मोटर, स्टार्टर, खोदाई आणि मजुरी मिळून जी रक्कम होते ती झाली त्या पाइपलाइनची किंमत. परंतु पुढे दरवर्षी वीज लागते, मोटर जळते, पाइप फुटतो, कर्जाचे हप्ते भरावे लागतात आणि पंधरा वर्षांनी पंप बदलावा लागतो. या सर्वांची बेरीज म्हणजे पाइपलाइनचा आयुष्यभराचा खर्च. सावकाश विचार करणारा शेतकरी पाइपलाइन करण्यापूर्वी ही बेरीज मनाशी करतोच.

मोठ्या योजनांत मात्र ही बेरीज अनेकदा झालेली नसते. सांगली-सातारा भागातील ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा सिंचन योजनांचे उदाहरण आपल्यापैकी पुष्कळांना माहीत आहे. धरणात पाणी आहे, पंप बसवलेले आहेत, कालवे खोदलेले आहेत. तरीही वीजबिल थकल्यामुळे पंप बंद राहिल्याचे प्रसंग तेथे आले. पुढे वीजबिलाचा ८१ टक्के भार शासनाने व १९ टक्के भार लाभधारकांनी उचलावा, असे सूत्र ठरवावे लागले. योजना बांधणे आणि ती चालवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्यातील धडा आहे. शहरांच्या पाणीपुरवठ्यालाही तो तंतोतंत लागू पडतो.

खर्चाची सहा खाती

पाणीयोजनेच्या आयुष्यभराच्या खर्चाचा पद्धतशीर अभ्यास २००८ ते २०१२ या काळात वॉशकॉस्ट नावाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात झाला. आपल्या देशात त्याचे काम आंध्र प्रदेशात झाले. त्यात खर्चाची जी विभागणी केली गेली ती समजण्यास सोपी असून गावाच्या नळयोजनेपासून महानगरापर्यंत कोठेही वापरता येते.

१. भांडवली खर्च : उद्भव, जॅकवेल, मुख्य जलवाहिनी, शुद्धीकरण केंद्र, टाक्या व वितरणाचे नळ. उद्घाटनाच्या पाटीवर लिहिला जातो तो हाच आकडा.

२. चालविण्याचा व किरकोळ दुरुस्तीचा खर्च : वीज, तुरटी, क्लोरीन, कर्मचाऱ्यांचे पगार, व्हॉल्व्हची गळती काढणे इत्यादी.

३. मोठी दुरुस्ती व बदली : पंप बदलणे, गंजलेली जलवाहिनी नवी टाकणे, गाळणीतील वाळू बदलणे. हा खर्च दरवर्षी येत नाही, म्हणून तो सर्वांत आधी विसरला जातो.

४. भांडवलाचे व्याज : कर्ज किंवा रोखे काढले तर त्यावरील व्याज. पुणे महानगरपालिकेने जून २०१७ मध्ये समान पाणीपुरवठा योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे ७.५९ टक्के व्याजाने काढले. म्हणजे मुद्दल फेडण्यापूर्वी केवळ व्याजापोटीच वर्षाला १५ कोटी १८ लाख रुपये द्यावयाचे.

५. प्रत्यक्ष साहाय्याचा खर्च : देखरेख, पाण्याची तपासणी, मीटरवाचन, तक्रार निवारण.

६. अप्रत्यक्ष साहाय्याचा खर्च : शासन पातळीवरील नियोजन, धोरण व प्रशिक्षण.

या सहा खात्यांत शेतकऱ्यांच्या दृष्टीने मी आणखी दोन खाती जोडू इच्छितो. सातवे खाते मैलापाण्याचे. शहरात गेलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी मैलापाणी होऊन बाहेर पडते असे धरले जाते. ते गोळा करून शुद्ध करण्याचा खर्च हा पाणीपुरवठ्याचाच भाग आहे. आठवे खाते शेतीच्या नुकसानीचे. यात सिंचनातून वळवलेले पाणी, धरणात गेलेली जमीन व प्रदूषित झालेल्या विहिरी येतात.

एक नमुना हिशेब

समजण्यासाठी एक लाख वस्तीचे एक काल्पनिक शहर घेऊ. आकडे नमुन्यादाखल धरले आहेत. आपापल्या ठिकाणचे आकडे घालून हिशेब करावा.

भुयारी गटार असलेल्या शहरासाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण मानले जाते. म्हणजे घराघरांत १ कोटी ३५ लाख लिटर पाणी पोहोचले पाहिजे. वाटेत १५ टक्के गळती धरली तर उद्भवातून सुमारे १ कोटी ५९ लाख लिटर पाणी उचलावे लागेल.

हे पाणी १०० मीटर उंच चढवावे लागते असे समजू. एक हजार लिटर पाणी १०० मीटर चढविण्यास, कोणतीही तूट नसती तर, ०.२७ युनिट वीज पुरली असती. परंतु पंप व मोटर मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ०.४२ युनिट वीज लागते. या हिशेबाने वर्षाला सुमारे २४ लाख ४० हजार युनिट वीज होते. विजेचा दर ८ रुपये धरल्यास वर्षाला १ कोटी ९५ लाख रुपये बिल येईल.

आता ३० वर्षांची बेरीज करू. भाववाढ व व्याज सध्या बाजूला ठेवू.

भांडवली खर्च (गृहीत) : ३० कोटी रुपये
वीज : सुमारे ५८ कोटी रुपये
पगार, रसायने, किरकोळ दुरुस्ती (वर्षाला १ कोटी गृहीत) : ३० कोटी रुपये
पंप बदलणे व इतर मोठी दुरुस्ती (गृहीत) : १२ कोटी रुपये
एकूण : सुमारे १३० कोटी रुपये

पाटीवर ३० कोटींचा आकडा आहे, प्रत्यक्षात खर्च १३० कोटींचा आहे. म्हणजे ज्या आकड्याची चर्चा होते तो एकूण खर्चाच्या चौथ्या हिश्श्याइतकाही नाही. घरापर्यंत पोहोचलेल्या पाण्यावर हा खर्च वाटला तर दर हजार लिटरला सुमारे ९ रुपये येतो. त्यात व्याज नाही, मैलापाण्याचे शुद्धीकरण नाही आणि शेतकऱ्याचे नुकसान तर नाहीच.

पुढील काळात होणाऱ्या खर्चाचे आजचे मूल्य काढण्याची रीत अर्थशास्त्रात आहे. त्या रीतीने ३० वर्षांनंतरचा रुपया आजच्या रुपयापेक्षा हलका धरतात. तसे केल्यास वरील बेरीज कमी होईल, परंतु वीज आणि दुरुस्ती यांचे वजन तरीही दुर्लक्ष करण्याइतके हलके होणार नाही. दोन पर्यायी योजनांची तुलना करताना मात्र ही रीत वापरणे आवश्यक आहे. कमी भांडवलाची पण जास्त विजेची योजना आणि जास्त भांडवलाची पण गुरुत्वाकर्षणाने पाणी देणारी योजना यांत खरी स्वस्त कोणती, हे त्याशिवाय कळत नाही.

पंपाकडे दुर्लक्ष झाल्यास काय होते तेही पाहू. कार्यक्षमता ६५ वरून ४५ टक्क्यांवर घसरली तर त्याच पाण्यासाठी सुमारे ४४ टक्के जास्त वीज लागते. पंपयंत्रणेचे आयुष्य साधारण १५ वर्षे धरतात. पैसे नाहीत म्हणून जुनाच पंप ओढत राहणारी नगरपालिका बचत करीत नसून वीजबिलाच्या रूपाने नव्या पंपाची किंमत पुन्हा पुन्हा देत असते.

गळती म्हणजे कोरडी राहिलेली चारी

याच शहरात गळती १५ टक्क्यांऐवजी ४० टक्के असेल तर घरात तेवढेच पाणी पोहोचविण्यासाठी दररोज २ कोटी २५ लाख लिटर पाणी उचलावे लागेल. म्हणजे रोज ६६ लाख लिटर जादा. वर्षभराचे हे जादा पाणी सुमारे २४ लाख घनमीटर होते. एक मीटर खोलीचे पाणी या मापाने त्यात २४० हेक्टर क्षेत्र भिजते. शिवाय ते पाणी चढविण्यासाठी वर्षाला सुमारे १० लाख युनिट वीज जाते ती वेगळीच.

गळतीतील काही पाणी जमिनीत मुरते हे खरे आहे. परंतु ते शहराच्या जमिनीत मुरते, आपल्या चारीत परत येत नाही. म्हणून शहराने नवीन धरणाची किंवा वाढीव कोट्याची मागणी केली की आपला पहिला प्रश्न असावा : सध्या घेत असलेल्या पाण्यापैकी किती पाणी मोजून घरात पोहोचते?

मोजणी केल्यास फरक पडतो. कराडजवळील मलकापूर या छोट्या शहराने घरोघरी मीटर बसवून चोवीस तास पाणी देण्याची योजना राबविली. जास्त वापर करणाऱ्यास चढता दर लावला. पाणी चोवीस तास मिळते म्हटल्यावर साठवून ठेवण्याची व शिळे म्हणून ओतून देण्याची सवय राहत नाही, आणि मीटर असल्यामुळे नळ उघडा ठेवणे परवडत नाही. लहान शहराला हे जमू शकते, तर मोठ्या शहरांनी मीटर टाळण्यास सबळ कारण उरत नाही.

टिकाऊपणाच्या पाच कसोट्या

खर्चाचा हिशेब जुळला म्हणजे योजना टिकाऊ झाली असे नाही. पुढील पाच कसोट्या लावून पाहाव्यात.

पहिली कसोटी उद्भवाची. नळ, टाकी, पंप सर्व व्यवस्थित असून उद्भवच आटला तर काय होते, हे लातूरने २०१६ मध्ये अनुभवले. मांजरा धरण कोरडे पडले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीने ५ लाख लिटर पाणी आणले. पुढे ५० वाघिणींच्या गाडीतून खेपेला २५ लाख लिटर येऊ लागले. २०११ च्या जनगणनेनुसार लातूरची लोकसंख्या सुमारे ३ लाख ८२ हजार होती. म्हणजे पूर्ण भरलेल्या गाडीतूनही माणशी साडेसहा लिटरच पाणी आले. शहराचा उद्भव आणि शेतीचा उद्भव एकच असतो. पाणलोटात पाणी मुरले नाही, पीकपद्धती पाण्याच्या मानाने बसली नाही, तर दोघेही कोरडे राहतात. ही कसोटी शहराइतकीच आपल्यालाही लागू आहे.

दुसरी कसोटी ऊर्जेची. दर हजार लिटरला किती युनिट वीज लागते आणि विजेचा दर दुप्पट झाला तरी योजना चालेल काय, हे पाहावे. पाणी जितके दुरून व जितके खालून आणावे तितकी योजना विजेची बांधील होते.

तिसरी कसोटी पैशाची. पाणीपट्टीतून निदान चालविण्याचा खर्च आणि मोठ्या दुरुस्तीचा निधी निघतो काय? निघत नसेल तर तूट कोण भरतो? तूट उघडपणे अनुदान म्हणून दाखविली तर तीत काही गैर नाही. शेतीच्या ७.५ अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना राज्यात २०२४ पासून मोफत विजेची योजना लागू आहे. तिचाही भार शासन उचलते म्हणूनच ती चालते. मुद्दा एवढाच की खर्च कोणीतरी देतो, आणि तो कोण देतो हे कागदावर दिसले पाहिजे.

चौथी कसोटी मैलापाण्याची. जेवढे पाणी घेतले त्याच्या ८० टक्के पाण्यावर प्रक्रिया करण्याची क्षमता आहे काय, आणि केंद्रे प्रत्यक्षात चालतात काय? बांधलेले केंद्र आणि चालणारे केंद्र यांतील फरक पुन्हा वीजबिलाचाच असतो.

पाचवी कसोटी न्यायाची. ज्यांचे पाणी जाते त्यांना विचारले गेले काय? पिंपरी-चिंचवडसाठी पवना धरणातून बंद जलवाहिनी नेण्याच्या योजनेला मावळातील शेतकऱ्यांनी विरोध केला. ९ ऑगस्ट २०११ रोजी द्रुतगती मार्गावर झालेल्या पोलीस गोळीबारात तीन शेतकरी मृत्युमुखी पडले. त्यानंतर २०२३ पर्यंत योजनेला स्थगिती राहिली. जिवांची किंमत कोणत्याही हिशेबात मांडता येत नाही. परंतु खर्चाच्या दृष्टीनेही बारा वर्षे अडकून पडलेली योजना स्वस्त म्हणता येणार नाही. शेतकऱ्याला विश्वासात घेणे हा आयुष्यभराचा खर्च कमी करण्याचाच एक मार्ग आहे.

पुणे शहर आणि मुठा कालवा

आता हे सर्व मुद्दे एका ठिकाणी लावून पाहू. खडकवासल्याचे धरण एकोणिसाव्या शतकात बांधले गेले ते पुण्याला पाणी देण्याबरोबर मुठा कालव्यातून शेतीला पाणी देण्यासाठी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले व त्याबरोबर खडकवासलाही फुटले. पुढे ही व्यवस्था पुन्हा उभी करून वाढविण्यात आली. आज खडकवासला, पानशेत, वरसगाव व टेमघर या चार धरणांची उपयुक्त साठवण मिळून २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आहे. याच पाण्यावर नवा मुठा उजवा कालवा हवेली, दौंड व इंदापूर तालुक्यांतील शेतीला पाणी देतो.

एक टीएमसी म्हणजे २ कोटी ८३ लाख घनमीटर. एक मीटर खोलीच्या पाण्याने त्यात सुमारे २,८३० हेक्टर क्षेत्र भिजते. हे माप लक्षात ठेवावे. शहराच्या प्रत्येक मागणीचे भाषांतर त्यामुळे आपल्या भाषेत करता येते.

पुणे महानगरपालिका व पाटबंधारे खाते यांच्यातील करार वर्षाला ११.५ टीएमसी पाण्याचा होता. प्रत्यक्ष उचल अलीकडच्या काळात १८ टीएमसीच्या पुढे गेली. फरक निदान साडेसहा टीएमसीचा आहे. याच सुमाराचा आणखी एक आकडा करारात होता : शहराने ६.५ टीएमसी मैलापाणी शुद्ध करून शेतीसाठी परत द्यावयाचे. त्यासाठी मुंढवा येथे जॅकवेल बांधून ते पाणी जुन्या मुठा कालव्यात, ज्याला आपण बेबी कालवा म्हणतो त्यात, सोडण्याची व्यवस्था करण्यात आली.

कागदावर हा व्यवहार चोख दिसतो. साडेसहा टीएमसी स्वच्छ पाणी जादा घेतले, साडेसहा टीएमसी शुद्ध केलेले पाणी परत दिले. एक मीटर खोलीने सुमारे १८,४०० हेक्टर भिजविणारे हे पाणी आहे. तत्त्व म्हणून ते स्वीकारण्यासारखेच आहे. परंतु परत आलेले पाणी प्रमाणात आणि गुणवत्तेत कराराप्रमाणे नसेल, तर शहराने आपला खर्च वाचवून तो शेतकऱ्याच्या जमिनीवर टाकला असा त्याचा अर्थ होतो. बेबी कालव्यावरील गावांतून पाण्याच्या वासाच्या, फेसाच्या व काळ्या रंगाच्या तक्रारी वारंवार झाल्या आहेत.

मैलापाणी शुद्ध करण्यासाठी जपानच्या साहाय्याने ११ केंद्रांचा, दररोज ३९ कोटी ६० लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प मंजूर झाला. सुमारे ९९० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. कामे प्रत्यक्ष सुरू होण्यास त्यानंतर काही वर्षे गेली. वर्षाला १८ टीएमसी उचल म्हणजे दिवसाला सुमारे १४० कोटी लिटर. त्याचे ८० टक्के म्हणजे दिवसाला ११० कोटी लिटरच्या वर मैलापाणी. हे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवले म्हणजे काम किती मोठे आहे आणि एका प्रकल्पाने ते का संपत नाही हे लक्षात येते.

जे पाणी शुद्ध होत नाही ते मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जाते. उजनीच्या पाण्यावर सोलापूर शहर आणि त्या जिल्ह्यातील शेती अवलंबून आहे. पुण्याने न केलेला खर्च सोलापूरला शुद्धीकरण केंद्रात करावा लागतो आणि जलपर्णीच्या रूपाने मच्छीमारांना सोसावा लागतो.

देखभालीचे महत्त्वही याच कालव्याने दाखवून दिले. २७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात दांडेकर पुलाजवळील वस्तीनजीक उजव्या कालव्याची भिंत फुटली. शेकडो घरांत पाणी शिरले आणि खालच्या शेतीचे पाणीही वाया गेले. मोठी दुरुस्ती हे तिसरे खाते आहे. ते रिकामे ठेवले की त्याचा खर्च एके दिवशी एकदम वसूल होतो.

शुद्ध केलेले पाणी उद्योगांनी घ्यावे, हाही मार्ग आहे. नागपूर येथील भांडेवाडीचे दररोज १३ कोटी लिटर प्रक्रिया केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला देण्याची व्यवस्था झाली. शुद्धीकरण केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आतील औष्णिक वीज केंद्रांनी असे पाणी वापरावे, अशी तरतूद केंद्राच्या २०१६ च्या वीजदर धोरणात आहे. जेवढे पाणी उद्योग असे घेतील, तेवढे धरणाचे पाणी पिण्यासाठी व शेतीसाठी मोकळे राहील.

मैलापाणी शेतीला घेताना

ज्यांना आजच असे पाणी घ्यावे लागत आहे त्यांनी पुढील काळजी घ्यावी.

१. पाण्याची तपासणी निदान उन्हाळ्यात व पावसाळ्यानंतर करून घ्यावी. विद्युत वाहकता ०.७५ डेसीसायमनपर्यंत असल्यास पाणी साधारणपणे चालते. ०.७५ ते २.२५ दरम्यान असल्यास निचरा चांगला हवा व क्षार सहन करणारी पिके घ्यावीत. २.२५ च्या वर असल्यास पाणी टाळावे. उर्वरित सोडियम कार्बोनेट १.२५ पेक्षा कमी असावे, २.५ च्या वर गेल्यास पाणी सिंचनास अयोग्य समजावे.

२. भारी काळ्या जमिनीत, निचरा नसल्यास, हे पाणी सलग वापरू नये. विहिरीचे किंवा कालव्याचे चांगले पाणी मिळत असल्यास आळीपाळीने द्यावे. जमीन चोपण होऊ लागल्यास माती परीक्षणाच्या आधारे जिप्समचा वापर करावा व चर काढावेत.

३. पाण्यातील नत्र हिशेबात धरावे. दर लिटरला १ मिलिग्रॅम नत्र असेल तर हेक्टरी एक मीटर पाण्यातून १० किलो नत्र पडते. पाण्यात ३० मिलिग्रॅम नत्र असल्यास ते ३०० किलो होते. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची आहे. अशा वेळी युरियाची नेहमीची मात्रा दिल्यास ऊस लोळतो, पक्वता लांबते व साखर उतारा घटतो. तपासणी अहवालाप्रमाणे नत्राची मात्रा कमी करावी.

४. कोथिंबीर, मेथी, पालक, मुळा, गाजर, काकडी यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या किंवा पाण्याशी थेट संपर्क येणाऱ्या पिकांना हे पाणी देऊ नये. ऊस, कापूस, चाऱ्याची पिके, फुलझाडे व वनझाडे यांना प्राधान्य द्यावे. चारा कापणीपूर्वी काही दिवस पाणी बंद ठेवावे.

५. ठिबकसाठी वापरताना वाळूची व जाळीची अशा दोन्ही गाळण्या बसवाव्यात आणि क्लोरीन प्रक्रिया नियमित करावी. पाणी धरणाऱ्याने गमबूट व हातमोजे वापरावेत.

शेतकऱ्यांनी काय मागावे

पाणी वापर संस्था, ग्रामसभा व सहकारी संस्था यांच्यामार्फत पुढील मागण्या लेखी स्वरूपात कराव्यात.

१. शहराच्या प्रत्येक नव्या योजनेचा अहवाल केवळ भांडवली किमतीचा नसावा. निदान ३० वर्षांचा खर्च, वीज व बदलीसह, त्यात मांडलेला असावा.

२. शहराच्या उचलीचे व गळतीचे मोजमाप दरमहा जाहीर व्हावे. कालव्यावर आपल्याला घनमापन पद्धतीने पाणी मिळते, तर शहरालाही तेच माप असावे.

३. परत दिल्या जाणाऱ्या पाण्याचे प्रमाण व गुणवत्ता कराराचा भाग असावा. दर महिन्याचा तपासणी अहवाल पाणी वापर संस्थेला मिळावा आणि पाणी निकृष्ट असल्यास भरपाईची तरतूद असावी.

४. उन्हाळी आवर्तन कमी करावयाचे झाल्यास तो निर्णय रब्बीची पेरणी होण्यापूर्वी कळवावा. उभे पीक वाळविण्यापेक्षा न पेरणे कमी तोट्याचे असते.

५. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण २००५ च्या कायद्याने स्थापन झाले आहे. ठोक जलदर ठरविणे आणि पाण्याच्या हक्काविषयीचे वाद ऐकणे ही कामे ते करते. जलदरावरील सुनावणीच्या वेळी आपले म्हणणे आकड्यांसह मांडावे. निवेदनात केवळ अन्याय झाला असे लिहिण्यापेक्षा इतके टीएमसी, इतके हेक्टर, इतकी आवर्तने असे लिहिलेले अधिक परिणामकारक ठरते.

शेवटी एक गोष्ट स्पष्ट करतो. शहरांना पाणी देऊ नये असे माझे म्हणणे नाही. पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम आहे आणि तो योग्यच आहे. आपली मुले, भाऊ, नातेवाईक शहरातच कामाला आहेत, आणि आपला भाजीपाला व दूध विकले जाते तेही तेथेच. परंतु पिण्यासाठी म्हणून घेतलेल्या पाण्याचा मोठा भाग गळतीत व गटारात जात असेल, तर त्याला पिण्याचे पाणी म्हणता येणार नाही.

आपल्या गावातही २०१९ पासून जल जीवन मिशनखाली माणशी ५५ लिटरच्या नळयोजना झाल्या आहेत. या व्याख्यानातील हिशेब प्रथम तेथेच करून पाहावा. पंपाची अश्वशक्ती, महिन्याचे वीजबिल, टाकी किती वेळा भरते, दुरुस्ती निधीत किती रक्कम शिल्लक आहे, ही माहिती ग्रामपंचायतीत मिळते. एका वहीत ही खाती घालून बारा महिन्यांची नोंद ठेवावी. स्वतःच्या योजनेचा असा हिशेब ज्या गावाला मांडता येतो, ते गाव शहराचाही हिशेब अधिकाराने विचारू शकते.